गरम ब्रश निवडताना: कोणत्या केसांना कोणता, किती अंशांचा आणि किती जाडीचा

गरम ब्रशच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेलं असतं ते कमाल तापमान. २१० अंश, २३० अंश. दुकानात दोन ब्रशांची तुलना होते तीही याच आकड्यावरून, आणि निवड बहुतेक वेळा तिथेच चुकते. घरच्या वापरात बहुतेकांच्या केसांना १८५ अंशांच्या वर जायची गरज पडत नाही. विचारायचं ते उलट: हा ब्रश कमीत कमी किती अंशांवर चालतो? मग दोन गोष्टी बघायच्या. तो ओलसर केसांसाठी आहे की कोरड्या, आणि त्याचा बॅरल, म्हणजे केस ज्याभोवती गुंडाळतात तो नळीसारखा भाग, किती जाड आहे. किंमत, रंग आणि ‘आयन’, ‘टूर्मलीन’ वगैरे जाहिरातीतले शब्द या तिन्हींनंतर.

आधी यंत्र ओळखा

‘हॉट ब्रश’ या नावाखाली तीन वेगळी यंत्रं विकली जातात.

पहिला हॉट एअर ब्रश. यात ड्रायर आणि गोल ब्रश एकत्र असतात. बॅरलच्या छिद्रांतून गरम हवा येते, मुठीच्या तळाशी हवा आत ओढणारी जाळी असते आणि आवाज ड्रायरसारखाच येतो. वॉट साधारण ८०० ते १२००. हा ओलसर केसांवर चालतो, म्हणजे केस वाळतातही आणि आकारही घेतात. मुळांशी उठाव, मधे फुगीरपणा, टोकांना आत किंवा बाहेर वळण ही याची कामं. डायसनचा २०१८ साली आलेला एअररॅप याच कुळातला. तो हवेच्या झोतानेच बट बॅरलभोवती ओढून घेतो आणि हवा १५० अंशांच्या आत ठेवतो.

दुसरा स्ट्रेटनिंग ब्रश. आकार चपट्या फणीचा, दात्यांच्या मधे तापणारी प्लेट, वॉट ३० ते ६०. हवा नाही, आवाज नाही. तापमान १५० ते २३० अंशांच्या दरम्यान. हा फक्त कोरड्या केसांसाठी. केस सुटसुटीत आणि सरळ दिसतात, पण दोन प्लेटांच्या स्ट्रेटनरइतके चापून बसत नाहीत. ज्यांना केसांचा भरीवपणा घालवायचा नाही त्यांना नेमकं हेच हवं असतं.

तिसरा थर्मल ब्रश. बॅरल गोल असतो आणि आतून तापतो, पण हवा सोडत नाही. कोरड्या केसांना वळण द्यायला किंवा सकाळी विस्कटलेला आकार पुन्हा बसवायला तो बरा.

खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, जाळी आहे का आणि वॉट किती, एवढं बघितलं की यंत्र कळतं. ५० वॉटचा ब्रश केस वाळवू शकत नाही. ‘ओल्या केसांवरही चालतो’ असं त्यावर लिहिलेलं असलं तर तो बाजूला ठेवा. त्याचं कारण नीट समजून घ्यायला हवं.

केसातलं केराटिन, म्हणजे केस ज्याचे बनलेले असतात ते प्रथिन, ज्या बंधांनी धरलेलं असतं, त्यातले हायड्रोजन बंध पाण्याने आणि उष्णतेने सुटतात आणि केस वाळताना, थंड होताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. कोणत्याही गरम ब्रशचं काम याच तत्त्वावर चालतं. पण कोरड्या केसातलं केराटिन साधारण २२० अंशांच्या पुढे मोडू लागतं, तर ओल्या केसात हाच बिघाड १५० अंशांच्या आसपास सुरू होतो. शिवाय ओल्या केसावर तापलेली प्लेट टेकली की आतल्या पाण्याची वाफ होते, ती बाहेर पडायला जागा शोधते आणि केसात बुडबुडे धरतात. तिथे केस पोकळ होतो आणि पुढे विंचरताना तिथूनच तुटतो. प्लेट लावताना ‘चर्र’ असा आवाज आला किंवा वाफ दिसली, तर हेच घडत असतं. ब्रश लगेच बाजूला घ्यायचा.

आपले केस कसे आहेत ते तपासा

‘माझे केस दाट आहेत’ असं म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात: एकेका केसाची जाडी आणि डोक्यावरची केसांची संख्या. तापमान ठरतं जाडीवरून. बट किती मोठी घ्यायची आणि यंत्र किती ताकदीचं हवं, हे ठरतं संख्येवरून.

जाडीसाठी गळलेला एक कोरडा केस अंगठा आणि तर्जनीत धरून चोळा. जवळपास काहीच जाणवलं नाही तर केस बारीक. धाग्यासारखा स्पष्ट लागला तर जाड. जाणवतो पण खरखरत नाही तो मध्यम. डोक्याच्या वेगवेगळ्या भागातले केस घेऊन बघा. कानशिलाजवळचे केस मागच्या केसांपेक्षा बारीक असतात आणि जळतात तेही आधी तेच.

संख्येसाठी केसांचा पोनीटेल बांधा आणि रबराजवळ त्याचा घेर टेपने मोजा. ५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर केस विरळ, १०च्या पुढे असेल तर दाट.

तिसरी तपासणी ताणाची, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. ओला केस दोन टोकांना धरून हलकेच ताणा. निरोगी केस थोडा लांबतो आणि सोडल्यावर मागे येतो. लांबला पण परत आला नाही, किंवा ताणताक्षणी तुटला, तर केस आतून कमकुवत झालेला आहे. अशा केसांना सध्या प्लेटवाला ब्रश नको. हॉट एअर ब्रशही सौम्य हवेवरच वापरायचा. ग्लासातल्या पाण्यात केस तरंगतो की बुडतो यावरून केसांची पारख करायचा सल्ला बराच फिरतो, पण केसावरचं तेल आणि कंडिशनरच त्याचा निकाल ठरवतात. त्यावर अवलंबून राहू नका.

कोणत्या केसांना काय

बारीक आणि सरळ केस: यांची तक्रार असते की केस डोक्याला चिकटून बसतात. यांना हॉट एअर ब्रशच हवा. प्लेटवाला ब्रश त्यांना आणखी चपटं करतो. ३२ ते ३८ मिलिमीटरचा बॅरल आणि मऊ, जवळजवळ असलेले दाते घ्या. हवेच्या निदान दोन पायऱ्या आणि थंड हवेचं बटण हवंच. कोरड्या केसांवर थर्मल ब्रश वापरायचा असेल तर १५० ते १६० अंश पुरेत. ज्या ब्रशवर तापमान बदलताच येत नाही, एकच ठरलेलं २०० असतं, तो बारीक केसांसाठी घेऊच नका.

मध्यम जाडीचे, थोडे लहरी केस: आपल्याकडे असे केस पुष्कळ दिसतात आणि त्यांना निवडीला वाव सगळ्यात जास्त. सरळ हवेत तर स्ट्रेटनिंग ब्रश १६५ ते १८० अंशांवर, भरीव हवेत तर लंबगोल बॅरलचा एअर ब्रश. लंबगोल आकाराची सपाट बाजू मुळं सरळ करते आणि कडेची बाजू टोकांना वळण देते, म्हणून नवशिक्यांना तो गोलापेक्षा सोपा जातो.

जाड आणि दाट केस: इथे लोक तापमान वाढवतात, पण अडचण बहुधा ताकदीची असते. ३० वॉटची प्लेट जाड बटेतून फिरली की थंड पडते आणि पुन्हा तापेपर्यंत पुढची बट अर्धवट राहते. मग तीच बट चार-पाच वेळा फिरवली जाते आणि नुकसान होतं ते तिथे. अशा केसांना निदान ५० ते ६० वॉटचा आणि लांब दात्यांचा स्ट्रेटनिंग ब्रश किंवा १००० वॉटच्या पुढचा एअर ब्रश घ्या. दाते टाळूपर्यंत पोचत नसतील तर वरचे केस सरळ आणि आतले फुगलेले असं चित्र दिसतं. तापमान १८५ ते २००. त्याच्या पुढे जावं लागत असेल तर बट लहान घ्या.

कुरळे केस: ब्रश कशासाठी हवाय हे आधी ठरवा. फक्त मुळं थोडी मोकळी करून लांबी दाखवायची असेल तर एअर ब्रश सौम्य हवेवर पुरतो. पूर्ण सरळ करायचे असतील तर आधी केस ड्रायरने ताणून वाळवायचे आणि मगच स्ट्रेटनिंग ब्रश १७० ते १८५ अंशांवर लावायचा. गुंतलेल्या कुरळ्या केसात थेट गरम ब्रश घालू नका. आठवड्यात एकदाच, तोही धुतलेल्या केसांवर. वरचेवर जास्त उष्णता दिली की काही बटा धुतल्यावरही कुरळ्या होत नाहीत, सैल आणि निर्जीव लोंबतात. त्या नीट व्हायला कापून नवे केस वाढण्याखेरीज उपाय नाही.

रंगवलेले, ब्लीच केलेले, स्मूदनिंग किंवा रिबाँडिंग केलेले केस: जाडी कितीही असो, बारीक केसांचे आकडे धरा, १५० ते १६०. ब्लीच केलेल्या केसांचे खवले उघडे असतात, ते पाणी लवकर पितात आणि लवकर कोरडेठाक होतात. उष्णतेने रंगही लवकर उतरतो. रासायनिक ट्रीटमेंटनंतर किती दिवस थांबायचं ते सलूनमध्येच विचारा, कारण ते रसायनावर अवलंबून असतं. वरचेवर मेंदी लावलेले केस वेगळे. ते हाताला जाड आणि कडक लागतात, पण तो कडकपणा वरच्या थराचा असतो. जाड समजून २०० अंश लावले की कडक केस चटकन तुटतात.

पांढरे केस: हे बऱ्याचदा राठ असतात आणि जास्त उष्णतेने पिवळसर पडतात. १७०च्या आत राहा.

बॅरल किती जाड: साधा हिशेब

वळण दिसायला बट बॅरलभोवती निदान दोन वेढे घेते इतकी लांब हवी. नुसता टोकांना बाक हवा असेल तर दीड वेढा चालतो. बॅरलचा घेर म्हणजे व्यास गुणिले ३.१४. त्यावरून:

१९ मिलिमीटर: घेर ६ सेंटिमीटर, बट निदान १२ सेंटिमीटर. कपाळावरच्या बटा आणि आखूड केसांसाठी.
२५ मिलिमीटर: घेर ८, बट १६. मानेपर्यंतचे केस.
३२ मिलिमीटर: घेर १०, बट २०. बॉबकट.
३८ मिलिमीटर: घेर १२, बट २४. खांद्यापर्यंतचे केस. एकच ब्रश घ्यायचा असेल तर बहुतेकांनी हाच घ्यावा.
५० मिलिमीटर: घेर जवळपास १६, बट ३२. खांद्याखालचे लांब केस, मोठा आणि सैल बाक.

लांबी मुळापासून मोजा, आणि लेयर कट असेल तर सगळ्यात आखूड थराची. यात एक मेख आहे. काही कंपन्या व्यास नुसत्या बॅरलचा देतात, तर काही दात्यांच्या टोकापासून टोकापर्यंतचा. त्यामुळे दोन ‘३८’मध्ये चांगला फरक पडतो. दुकानात दात्यांच्या टोकांवरून दोरा गुंडाळून घेर मोजा. शंका फिटते.

हातात घेऊन काय बघायचं

दाते तळहातावर दाबून फिरवा. टोकांना गोळे हवेत आणि ते नखाने ओढल्यावर हलता कामा नयेत. नुसते चिकटवलेले गोळे काही महिन्यांत निखळतात आणि उरलेलं टोक टाळू ओरखडतं. स्ट्रेटनिंग ब्रशमध्ये गरम दात्यांच्या मधे किंवा टोकांवर न तापणारी टोपणं असावीत. ती नसतील तर कान आणि कपाळाला चटका ठरलेलाच.

वजन बघायचं ते हात डोक्यावर धरून. बरेच एअर ब्रश अर्ध्या किलोच्या आसपास असतात. डोक्याच्या मागे एक मिनिट धरून मनगट थरथरू लागलं तर पूर्ण केस होईपर्यंत तुम्ही घाई कराल आणि मागचे केस ओले राहतील. वायर निदान १.८ मीटर आणि मुठीपाशी गोल फिरणारी हवी. प्लेटवाल्या ब्रशला आपोआप बंद होण्याची सोय हवीच. घाईच्या सकाळी तो चालूच ठेवून घराबाहेर पडणं सहज घडतं.

प्लेट आणि बॅरलवर सिरॅमिकचा थर असला की उष्णता सारखी पसरते. आयनांमुळे केसातली स्थिर वीज कमी होते. थंडीत, नागपूर किंवा नाशिककडच्या कोरड्या हवेत त्याचा उपयोग जाणवतो. पावसाळ्यात मुंबई, कोकण, गोव्यात फारसा नाही.

व्होल्टेजकडे मात्र दुर्लक्ष नको. अमेरिकेतून नातेवाईक आणतात त्यातले बरेच एअर ब्रश फक्त १२० व्होल्टचे असतात. इथल्या २३० व्होल्टवर लावले की हीटर जवळपास पावणेचार पट वीज खेचतो आणि क्षणात जळतो. नुसती पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज कमी करत नाही. उलट इथला २३० व्होल्टचा ब्रश तिकडे नेला तर पाव भागाएवढीच उष्णता मिळते. मुठीवरच्या लेबलवर ‘१००–२४० व्होल्ट’ लिहिलेलं असेल तरच तो दोन्हीकडे चालतो. १२०० वॉटपर्यंतचा ब्रश घरातल्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो, पण तो थेट भिंतीत लावा. स्वस्त एक्स्टेंशन बोर्डची वायर इतक्या भाराने तापते.

वापरायची रीत

१. केस धुतलेले हवेत. तेल लावलेल्या केसांवर गरम ब्रश अजिबात नको. चंपीनंतर केस हलके धुतले आणि मुळांशी तेल उरलं, तरी ते प्लेटवर जळतं, धूर येतो आणि केस चिकट होतात. बोअरच्या जड पाण्यामुळे केसांवर क्षारांचा थर बसत असेल तर पंधरवड्यातून एकदा क्षार काढणारा (कीलेटिंग) शॅम्पू वापरा. नाहीतर ब्रश केसावरून घसरतच नाही.

२. टॉवेलने टिपा, घासू नका. रुंद दात्यांच्या कंगव्याने पूर्ण गुंता काढा. गुंता गरम ब्रशने काढायचा नसतो.

३. एअर ब्रश वापरायचा असला तरी केस आधी साध्या हवेत किंवा ड्रायरने तीन चतुर्थांश वाळवा. ओलेचिंब केस ब्रशने वाळवायला निघालात तर हात दुखेल आणि तीच बट उगाच दहा मिनिटं उष्णतेत राहील. प्लेटच्या ब्रशसाठी केस पूर्ण कोरडे हवेत. मानेवरचे आतले केस हाताला गार लागले तर ते अजून ओले आहेत.

४. हीट प्रोटेक्टंट (उष्णतेपासून केस जपणारा) स्प्रे २० सेंटिमीटरवरून. खांद्यापर्यंतच्या केसांना ६ ते ८ फवारे, मधल्या लांबीपासून टोकांपर्यंत. कंगवा फिरवा आणि कोरड्या केसांवर मारला असेल तर तो पूर्ण वाळू द्या. त्यातली सिलिकॉन उष्णता हळूहळू आत जाऊ देतात, अडवत नाहीत. स्प्रे मारला म्हणून तापमान वाढवायचं नाही.

५. केसांचे चार भाग करून चिमटे लावा आणि सुरुवात मानेपासून करा. बटेची रुंदी बॅरलच्या लांबीपेक्षा थोडी कमी आणि जाडी २ सेंटिमीटर. दाट केसांना १ ते दीड.

६. एअर ब्रश मुळाखाली घालून बट वर उचला, ३ ते ४ सेकंद धरा, मग सावकाश टोकापर्यंत ओढा. दोन-तीन फेऱ्यांत बट वाळली की टोक बॅरलवर सपाट बसवून गुंडाळा, १० सेकंद ठेवा, थंड हवेचं बटण दाबून आणखी १० सेकंद थांबा आणि मग उलट फिरवत सोडा. थंड होण्याआधी सोडलेलं वळण उतरतं, कारण बंध थंड होतानाच पक्के होतात. बहुतेकांचा आकार तासाभरात जातो तो हीच २० सेकंदं वाचवल्यामुळे.

७. स्ट्रेटनिंग ब्रश सगळ्यात कमी तापमानावर सुरू करा. एक बट, एक संथ फेरी, मुळापासून टोकापर्यंत ५ ते ६ सेकंद. दुसऱ्या फेरीतही सरळ झाली नाही तर १० अंश वाढवा. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करा.

८. केस थंड होईपर्यंत बांधू नका, गजरा-क्लिपा लावू नका. सिरमचे दोन थेंब, फक्त टोकांना.

बिघडतं तेव्हा

ब्रश केसात अडकला: टोकं वेडीवाकडी गुंडाळली किंवा बट जास्त जाड घेतली. आधी बंद करा, प्लग काढा, पूर्ण थंड होऊ द्या. मग अडकलेल्या जागी थोडं कंडिशनर लावून टोकाकडून एकेक केस सोडवा. गरम असताना ओढाल तर बट मुळापासून निघेल.

केस पुन्हा फुगले: पावसाळ्यात हे हवेतल्या दमटपणामुळे होतं. हायड्रोजन बंध ओलाव्याने पुन्हा सुटतात, त्यामुळे तापमान वाढवून काही साधत नाही. केस पूर्ण वाळवा, शेवटी ओलावा अडवणारं सिरम लावा आणि बाहेर पडताना केस झाका.

मुळं चपटी राहिली: कंडिशनर मुळांना लागलं आहे किंवा ब्रश मधूनच सुरू केला आहे.

जळका वास: नव्या ब्रशला पहिल्या एक-दोन वेळा थोडा वास येतो. नंतर आला तर दात्यांवर साचलेलं तेल, स्प्रे जळतोय.

टोकांना पांढरे ठिपके दिसले: तिथे केस आतून चिरला आहे. सिरमने तो झाकला जातो, जुळत नाही. त्या जागेच्या वर दोन सेंटिमीटर कापून घ्या आणि २० अंश खाली या.

एअर ब्रश मधेच बंद पडतो: जाळीत केस आणि धूळ अडकल्याने तो जास्त तापतो आणि आतलं सुरक्षा स्विच वीज तोडतं. थंड झाल्यावर १० ते १५ मिनिटांनी चालू होतो, पण आधी जाळी जुन्या टूथब्रशने साफ करा. दर पंधरा दिवसांनी ती सफाई करायचीच, आणि दात्यांतले केस प्रत्येक वापरानंतर काढायचे. प्लेट थंड असताना ओलसर कापडाने पुसायची, पाण्याखाली कधीही धरायची नाही. वायर मुठीभोवती घट्ट गुंडाळून ठेवली की आतून तुटते, सैल वेटोळं करून ठेवा. दात्यांचे गोळे निखळले, प्लेटवरचा थर उडाला, किंवा वायर हलवल्यावर दिवा लुकलुकू लागला, तर तो ब्रश वापरायचा नाही. तो ई-कचऱ्यात द्या.